हयात लेखकाची शोकसभा

वालूर, २८ जून १९८७, रविवार

वाचनालयाला यंदा पंचवीस वर्षं होतात. काय करायचं म्हणून आज बैठक झाली. अध्यक्ष आबासाहेब म्हणाले, कमान बांधू. बाकीचे म्हणाले, पंगत घालू. मी अठरा वर्षं चिटणीस आहे, पण बैठकीत बोलत नाही, फक्त लिहून घेतो. आज मात्र बोललो. म्हणालो, पंगत दुसऱ्या दिवशी विसरतात आणि कमानीवर कावळे बसतात. आपण पुस्तक काढू. परभणी जिल्ह्यात आज हयात असलेले सगळे लेखक, त्यांचं जीवन आणि त्यांची छापील पुस्तकं, असं एकाच ठिकाणी.

आबासाहेब म्हणाले, "ईश्वरअप्पा, आपल्या जिल्ह्यात लेखक हायेत तरी किती?" मी म्हणालो, तेच तर शोधायचंय.

काम माझ्याच गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. पहिल्या पानावर 'संपादक : ईश्वरअप्पा मिटकरी' असं छापलेलं दिसू लागलं. घरी येऊन बायकोला, नागुबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मग दुकानात कोण बसंल?"

१५ जुलै, बुधवार

नव्वद माहितीपत्रकं पाठवली होती, चोपन्न परत आली. प्रश्न अकरा आहेत. लेखक हा प्राणी कथा-कविता सरळ लिहील, पण माहितीपत्रक सरळ भरणार नाही. जन्मतारखेपुढे एकाने विचारलंय, "खरी की शाळेतली?" एका कवीने 'प्रकाशित पुस्तके' या रकान्यात लिहिलंय, "एक. सर्व प्रती घरीच उपलब्ध." एकाने स्वतःचा फोटो म्हणून लग्नातला जोडफोटो पाठवलाय आणि खाली लिहिलंय, डावीकडचा मी.

शिक्षणाच्या रकान्यात मराठवाडा विद्यापीठाचीच दोन नावं आलीत. कुणी जुनं लिहिलंय, कुणी अजून न मिळालेलं, बाबासाहेबांचं. आबासाहेब म्हणाले, एकसारखं करून टाका. मी म्हणालो, ज्याची पदवी त्याची, ज्याने जसं लिहिलं तसं छापणार. तेव्हापासून आबासाहेब चहाला बोलावत नाहीत.

येलदरीच्या सूर्यभान घनवटांकडून मात्र काहीच नाही. तीन पत्रं गेली. धरणाच्या कामावर ते हजेरी कारकून होते. त्यांची एकच कादंबरी, 'बुडीत हद्द', १९६९ ची. आपल्या कपाटात आहे. मी वाचलेली नाही. वाचायची राहून गेली, असं म्हणू.

३ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार. सकाळी महादेवाला बेल वाहून आलो तर दारात पोस्टमन भुजंगराव उभा. हातात एक कार्ड, तेही दोन बोटांच्या चिमटीत आणि अंगापासून लांब धरलेलं. जिंतूरकडच्या गाडीत टपालाची थैली आणि येलदरीच्या मासळीच्या टोपल्या शेजारी शेजारी असतात. थैली भिजली होती. कार्डाला असा वास, की नागुबाई पदर नाकाला लावून म्हणाली, "आज सोमवार हाय, त्ये उंबऱ्याच्या आत आणू नका."

आणायचा प्रश्नच नव्हता. कार्डाचा कोपरा गेलेला होता. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची खबर, हे शेंबड्या पोरालाही कळतं. असं कार्ड घरात ठेवत नाहीत. वाचलं की जागच्या जागी फाडतात. या कार्डाचा कोपरा जरा कुरतडल्यासारखा वेडावाकडा फाटला होता. येलदरीच्या लोकांना सरळ फाडताही येत नाही असं दिसतं.

भुजंगरावानेच लांबून वाचलं. शाई पार पसरली होती. "सूर्यभान घनवट" एवढं स्वच्छ. मग "कळविण्यात येते की", मग "राहिलो नाही", आणि शेवटी "नोंद घ्यावी" की असंच काहीतरी. 'राहिले' ऐवजी 'राहिलो' लिहिणारा मुलगा दुःखात असणार, बिचारा. मी भुजंगरावाला म्हणालो, फाड. त्याने फाडून नाल्यात टाकलं आणि मी पुन्हा अंघोळ केली.

दिवसभर चुकल्यासारखं वाटलं. माणूस दोन तासांवर होता. मी तीन पत्रं पाठवली, पण एकदा एसटीत बसलो नाही.

९ ऑगस्ट, रविवार

आज शोकसभा घेतली. फोटो नव्हता म्हणून कपाटातली 'बुडीत हद्द' काढून पाटावर उभी केली आणि तिलाच हार घातला. आबासाहेब वीस मिनिटं बोलले. म्हणाले, या कादंबरीने मराठवाड्याचं काळीज हलवलं. शाळेचे दिनकरराव सर म्हणाले, तिचं प्रत्येक पान माझ्या डोळ्यांपुढे आहे. दोन मिनिटं उभं राहून सगळे घरी गेले.

हार काढून पुस्तक परत ठेवायला गेलो तर दिसलं, की पानं कातरलेलीच नाहीत. छापखान्यातून आलं तशी पानं कडेला एकमेकांना जोडलेली, अठरा वर्षं. आत डोकावायलाही जागा नाही. मला आबासाहेबांचा राग आला नाही, दिनकररावांचाही नाही. नोंदवहीत या पुस्तकाला क्रमांक मीच घातला होता आणि कपाटाला कुलूप मीच लावत होतो.

दाढीच्या ब्लेडने एकेक पान कापलं आणि पुस्तक घरी आणलं.

१३ ऑगस्ट, गुरुवार

चार दिवस दुकानात गिऱ्हाइकाने गूळ मागितला तर साखर देतोय. काय लिहिलंय या माणसाने! धरणाचं पाणी चढत येतंय, गाव उठतंय, आणि एक बायनाबाई आहे जी म्हणते, मी उठणार नाही. हजेरी कारकून रोज तिच्या दारात जातो, रोज ती त्याला ताक देते आणि रोज नाही म्हणते.

संध्याकाळी नागुबाईला थोडं वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती, थापायची थांबली. तिच्या मामाचं गाव त्याच पाण्याखाली गेलंय, हे मला माहीत होतं आणि विसरलोही होतो. म्हणाली, "पुढचं वाचा." मी म्हणालो, भाकरी करपतेय. तर म्हणते, "करपू द्या."

२० ऑगस्ट, गुरुवार

पुस्तक दुसऱ्यांदा वाचून झालं. नागुबाईने पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. जेवणं रोज उशिरा होतात, भाजीत मीठ नसतं. शेवटाला पाणी बायनाबाईच्या उंबऱ्याला लागतं, हजेरी कारकून हजेरीपट काखेत मारून निघतो आणि कादंबरी संपते.

नागुबाई म्हणाली, "मंग ती उठली का बसूनच ऱ्हायली?" मी म्हणालो, ते लिहिलेलं नाही. "का न्हाई लिव्हलं?" मी म्हणालो, लेखक तसं वाचकावर सोपवतात. ती म्हणाली, "वाचकाला काय ठावं? त्येंनाच इचारायला पायजे होतं. आता कुनाला इचारावं!" आणि डोळे पुसले. बायकांना अशा गोष्टी फार लागतात. मी बाहेर जाऊन जरा उभा राहिलो.

एक ठरवलं. पुस्तक हयात लेखकांचं असलं तरी घनवटांची नोंद राहणार. पत्रं पाठवली तेव्हा ते हयातच होते. पुस्तकही त्यांनाच अर्पण करायचं.

७ सप्टेंबर, सोमवार

सेलूहून छापखान्याचे बन्सीधर स्वतः तीनशे प्रती घेऊन आले. शिलाई, बांधणी, सगळं झालेलं. बासष्ट लेखक. पहिलं पान, 'संपादक : ईश्वरअप्पा मिटकरी'. दुसरं पान, 'कै. सूर्यभान घनवट यांस'. नोंदीतही 'कै.' आणि 'मृत्यू : श्रावण, १९८७'. बाकी लेखकांना अर्धं अर्धं पान आहे, त्यांना मी अडीच पानं दिलीत. मनापासून लिहिलंय आणि चांगलं लिहिलंय, हे मी दैनंदिनीत तरी लिहू शकतो. दसऱ्याला प्रकाशन ठरलं.

शोकसभेची बातमी परभणीच्या साप्ताहिकाने एक महिन्याने का होईना, छापली. माझं नाव चुकवलंय. 'ईश्वरआबा' केलंय.

१३ सप्टेंबर, रविवार

क्रमाने लिहितो.

दुपारी दुकानात होतो. धोतर, बंडी, डोक्याला टॉवेल, काखेत पिशवी, असा एक सडसडीत म्हातारा पायरीवर येऊन बसला. पाणी मागितलं. प्यायला. म्हणाला, "ईश्वरआबा तुमीच का?" मी म्हणालो, ईश्वरअप्पा. म्हणाला, "मी सूर्यभान घनवट. मेलेला."

माझ्या हातातलं माप खाली पडलं. मी काही भितरा माणूस नाही, पण सध्या पितृपक्ष चालू आहे.

"भिऊ नका," ते म्हणाले, "मी जिताच हाय. तुमचा पेपर येलदरीला आला न् तवापासनं लोकं बसायला यायलेत. घरात मी एकटाच मानूस. मलाच च्या करावा लागायलाय. एक बाई तर माझ्याच गळ्यात पडून रडली न् म्हनली, तुमचे भाऊ लय भले होते हो."

मी कार्डाचं सांगितलं. कोपऱ्याचं सांगितलं. मासळीचंही सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "कोपरा? घुशीनं खाल्ला आसंल टपालात. न्हाई तर शेळीनं. म्या लिव्हलं होतं, 'मी लेखक राहिलो नाही. माझी नोंद घेऊ नये.' एवढंच."

म्हणजे माणसाने नाव घालू नका म्हणून कळवलं आणि मी त्याला अडीच पानं, अर्पणपत्रिका आणि मरण एवढं सगळं दिलं. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. पाया पडलो. त्यांनी पडू दिलं नाही.

घरी आणलं. त्यांनी आपली कादंबरी बघायला मागितली. कडा बोटाने चाचपल्या. हजेरी कारकुनाची नजर, लगेच ओळखलं. "ह्या आत्ता कापल्यात. कवा कापल्या?"

खोटं बोलायचं तोंडावर आलं होतं. पण म्हणालो, "तुम्ही वारल्यावर."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "बराबर हाय. पाचशे प्रती काढल्या होत्या. म्या कुनाला इचारलंच न्हाई वाचलं का म्हनून. इचारलं आस्तं तर लोकं हो म्हनले आस्ते. म्हनून लिव्हनंच सोडलं, आसं लोकाला सांगतो." मग नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्याकडे बघून म्हणाले, "मला जित्ता करत बसू नका. माझं पानच काढून टाका. आर्पन, नोंद, सगळं. उद्या सकाळी मीच बसून काढतो, मंग गाडीनं जातो. माझी काई तक्रार न्हाई."

शिवलेल्या पुस्तकातून पानं काढली की समोरची पानं सुटतात. त्या सुटणाऱ्या पानांवर पूर्णेचे दोन कवी आहेत. पण मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? बासष्टचे एकसष्ट होणार आणि जो एकच लेखक मी खरोखर वाचला, तोच जाणार.

१४ सप्टेंबर, सोमवार

सकाळी ओसरीवर सतरंजी टाकली. तीनशे प्रती, तीन ब्लेड. घनवटांनी पहिली प्रत मांडीवर घेतली, अर्पणाच्या पानावर ब्लेड टेकवलं. नागुबाई चहा घेऊन आली. कालपासून ती त्यांच्यासमोर पदर सावरून गप्प होती. कप खाली ठेवला आणि एकदम म्हणाली, "भाऊ, एक इचारू का? बायनाबाई उठली का हो?"

ब्लेड तिथेच थांबलं.

"तुमी वाचलं?" त्यांनी विचारलं.

"मला कुठलं वाचता येतंय! ह्येंनी वाचून दाखीवलं. दोनदा. तुमी लय वाईट केलंत बघा. पानी उंबऱ्याला लागलं न् तुमी हजेरीपट घिऊन निघून आलात. तिला इचारलं बी न्हाई, ताकाचं गाडगं तरी संगं घेती का म्हनून. माझी मामी तशीच बसून ऱ्हायली होती. शेवटाला मामानं उचलून आनली तिला."

घनवटांनी ब्लेड सतरंजीवर ठेवलं. मला वाटलं, आता चिडणार. मी नागुबाईला डोळ्यांनी खुणावत होतो, की आत जा. ती गेली नाही.

शेवटी ते म्हणाले, "मला ठावं न्हाई, बाई. म्या खरंच निघून आलो होतो. त्येच शोधायलोय तवापासनं. आकरा वह्या झाल्या."

मी म्हणालो, अकरा? तुम्ही तर लिहिणं सोडलं म्हणालात.

"लोकाला दाखवायचं सोडलं," ते म्हणाले, आणि मान खाली घातली.

मग त्यांनी मांडीवरची प्रत सरळ केली आणि ब्लेडच्या टोकाने हळूहळू फक्त 'कै.' खरवडून काढलं. फुंकर मारली. कागद जरा पातळ झाला, पण फाटला नाही. प्रत माझ्याकडे देऊन म्हणाले, "आसं करत जा. जोर लावू नका, खाली माझं नाव हाय."

मी रडलो. लिहायला लाज वाटत नाही.

संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं खरवडत बसलो. प्रत्येक प्रतीत तीन जागा. 'मृत्यू : श्रावण' ही अख्खी ओळ काढायला वेळ लागायचा, ती घनवट स्वतःकडेच घ्यायचे. नागुबाईला अक्षर येत नाही, म्हणून तिला 'कै.' कसा दिसतो ते दाखवून दिलं. तिने एकदाही चुकवलं नाही. मी दोन ठिकाणी 'सू' सुद्धा उडवला. मधून मधून ती तिच्या मामीचं सांगत होती, ते ऐकत होते, हात चालूच. एकदा आबासाहेब डोकावले. आपण ज्याच्यावर वीस मिनिटं बोललो तो माणूस स्वतःचा 'कै.' खरवडतोय हे बघून चप्पल न घालताच परत गेले. मग चप्पल न्यायला पुन्हा आले.

२ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा

प्रकाशन थाटात झालं. बेचाळीस लेखक आले. ज्या कवीच्या सर्व प्रती घरी उपलब्ध होत्या, त्याने त्या सोबतच आणल्या. आबासाहेबांनी घनवटांचा सत्कार केला आणि शोकसभेचंच भाषण पुन्हा केलं, फक्त डोळे न पुसता. काळीज हलवल्याचं आलंच. घनवट शेजारी बसून शांतपणे मान डोलावत होते.

त्यांना बोलायचा आग्रह झाला. उठून म्हणाले, "आपल्या मागं लोकं काय बोलतेत त्ये मला ऐकाया मिळालं. आता बोलनाऱ्यांनी एकदा वाचावं, एवढी इनंती." आणि बसले. टाळ्या फार वाजल्या. दिनकरराव सरांनी सगळ्यांत जास्त वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर हळूच येऊन त्यांनी 'बुडीत हद्द' आपल्या नावावर लिहून घेतली.

माझंही नाव पुकारलं. बरं वाटलं. वाटायला हवं होतं तेवढं नाही, पण बरं वाटलं.

१ नोव्हेंबर, रविवार. येलदरी

दिवाळी झाली तशी नागुबाई मागे लागली होती. घनवटांचं कार्ड आलं, चारी कोपरे शाबूत, 'उभयतांनी यावे, वह्या काढून ठेवल्या आहेत.' दुकान बंद ठेवलं. देवगाव फाट्यावर तासभर गाडीची वाट पाहिली, जिंतूरला बदलली, अकराला पोचलो. मी येताना पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी कोरी माहितीपत्रकं आणली होती. त्यांच्याकडून नव्या लिखाणाची रीतसर नोंद घ्यावी असा विचार होता. ती पिशवीतच राहिली.

क्वार्टरच्या अंगणात लिंबाखाली बाज टाकली होती. पलीकडे पाणी. नागुबाईने तिकडे एकदा बघून घेतलं, हात जोडले आणि बसली. घनवटांनी पहिली वही उघडली. आवाज सुरुवातीला इतका बारीक, की मला वाटलं तब्येत बरी नाही. बायनाबाई उंबऱ्यात बसली आहे, पाणी घरात शिरतंय, आणि ती धरणाला, सरकारला, नशिबाला उद्देशून बोलते. तीन पानं बोलते. भाषा अशी, की माझ्या अंगावर काटा आला. मी म्हणालो, वा! सूर्यभानराव, वा!

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते नागुबाईकडे बघत होते.

नागुबाई म्हणाली, "भाऊ, राग येऊ देऊ नका. पर ह्ये खोटं हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाला आम्ही एकदा मारलं, एकदा जिवंत केलं, त्याच्या घरी, त्याच्या बाजेवर बसून ही बाई असं बोलते!

"का?" त्यांनी विचारलं.

"इतकं कुनी बोलत न्हाई, पानी घरात आल्यावर. माझी मामी कायबी बोलली न्हाई. नुसतं चुलीतला इस्तू घमेल्यात भरायली होती, इझू ने म्हनून."

घनवटांनी वही मिटली. वाद घातला. तासभर घातला. म्हणाले, ही तीन पानं दहा वर्षांपूर्वीची आहेत, पाच वेळा लिहिलीत. ती म्हणाली, आसतील. ते उठून अंगणात फेऱ्या मारू लागले. परत येऊन म्हणाले, तुमची मामी वेगळी, बायनाबाई वेगळी. ती म्हणाली, दोघींची चूल येकच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जिल्ह्यातल्या बासष्ट लेखकांचा संपादक, मी लिंबाकडे बघितलं.

मग ते बसले. पेन काढलं आणि तिन्ही पानांवर, एकेक करून, वरपासून खालपर्यंत तिरकी रेघ ओढली. मान वर केली तर त्यांचा चेहरा असा उजळलेला, की सत्काराच्या दिवशीसुद्धा मी तो तसा पाहिला नव्हता. चुकीचं ठरल्यावर माणूस इतका खूश कसा होतो, हे मला अजून कळलेलं नाही. नागुबाईला विचारलं तर ती म्हणते, तुमाला न्हाई कळायचं.

त्यांनी खाली एकच ओळ लिहिली, विस्तवाची. ती वाचून दाखवली. नागुबाईने मान हलवली.

"मंग," ते म्हणाले, "फुडं वाचू का?"

आम्ही परतीची शेवटची गाडी सोडून दिली.